कानोसा

तेरावा महिना आमच्याकडे दुष्काळात नाही,
दर वर्षी येतो, पाचच दिवसांचा.
त्यातल्या दुसऱ्या दिवशी फिकिर्ते आली
बापाची बीटल दोरीने ओढून घेऊन.

पांढरी. म्हणजे एके काळी.
उजव्या मडगार्डला मीच मारलेला पॅच,
शिकाऊ होतो तेव्हाचा,
सम्राटाला उतरवलं त्या वर्षीचा.
"गाशे तिबेबू, इंजिन काढा. बॅटऱ्या बसवा.
पेट्रोलच्या रांगेत मला जन्म काढायचा नाही."

चार बोल्ट.
बीटलचं इंजिन फक्त चार बोल्टांवर
गाडीला धरून असतं.
चाळीस मिनिटांचं काम.
मी चार दिवस लावले.

आदिस अबाबा आठ हजार फुटांवर.
इथे हवाच पातळ.
खालून आलेली गाडी पहिल्याच चढाला
काळं ओकते, धापा टाकते,
तिला इथला श्वास शिकवावा लागतो:
कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आत,
थांबायचं, कानोसा घ्यायचा,
मग केसभर मागे.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
ज्याने ती बनवली त्या जर्मन माणसाने
ही हवा कधी छातीत घेतली नव्हती.
पन्नास वर्षं मी या पाव फेऱ्यावर जेवलो.

आता गिऱ्हाइकांना न सांगितलेली गोष्ट.
आठ वर्षांमागे डावा कान गेला,
मागोमाग उजवाही, थोडा उरवून.
तेव्हापासून लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवतो
आणि मूठ दाढांत धरतो.
व्हॉल्व्हची टकटक हिरडीतून कवटीत चढते.
लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची लकब.
"ऐकू येतंय ना?"
"स्वच्छ," म्हणतो.

या विजेच्या गाड्या कानामागून आल्या
आणि तिखट झाल्या, असं सगळा बाजार म्हणतो.
परवा मेर्काटोच्या वळणावर
एक माझ्या कोपराला चाटून गेली.
"मुकी अवलाद!" मी ओरडलो.
नातनाएलने बाही ओढली.
"गाशे, ती लाडा होती. जुनी.
हॉर्न वाजवून वाजवून थकला बिचारा."

म्हणजे माझ्यापुरतं हे शहर
सगळ्यांच्या आधीच विजेवर गेलंय.

बॅटऱ्या नातनाएलने बसवल्या.
त्याचा लॅपटॉप, त्याच्या नारिंगी वायरींची वेटोळी.
मी फक्त वजन सांगितलं,
पुढे इतकं, मागे इतकं,
नाहीतर चढाला नाक उचलेल.
तेवढं त्याने ऐकलं.
दोनदा लाइट गेली, दोनदा कॉफी झाली.

एन्तोतोचा चढ. फिकिर्ते चालवत होती.
दोन्ही बाजूंना निलगिरी, आणि गाडीला धाप नाही.
हवा पातळ की दाट, तिला सोयरसुतक नाही.
माझी सगळी विद्या एका चढात खर्ची पडली.
वाईट वाटायला हवं होतं.
मी खिडकीबाहेर हात काढून बसलो होतो.
"काहीच आवाज नाही ना?"
तिच्या ओठांवरून कळलं.
"नाही," मी म्हणालो.
किती वर्षांनी एका गाडीतल्या दोघांनी
सारखंच ऐकलं.

इंजिन तिने नेलं नाही.
बाकड्याखाली आहे, ताडपत्रीत.
दर शुक्रवारी पुली हाताने फिरवतो,
अडकून बसू नये म्हणून.
कशासाठी, ते विचारू नका.

काल तिचा मुलगा आला होता, सहा वर्षांचा.
"आजोबांची गाडी कशी ओरडायची?"
मी गाल फुगवले, ओठ फडफडवले,
पहिला गिअर, दुसरा,
चढावरची ती कुरकुर.
जमलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

नातनाएल काम सोडून बघत होता.
मग त्याने पाना खाली ठेवला,
हवेतल्या हवेत एक स्क्रू चिमटीत धरला
आणि पाव फेरा आत फिरवला.
थांबला.
केसभर मागे.

मी आवाज तेवढाच उतरवला.